आठवण : मोह की उपासना?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

२०२२ च्या आषाढात माझी थोरली बहीण गेली. आम्ही सगळे तिला अक्का म्हणत असू. वयाने माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. त्याच वर्षी मार्गशीर्षात दत्तजयंतीच्या सप्ताहाला नेहमीप्रमाणे गुरुचरित्र वाचायला बसलो आणि दुसऱ्याच दिवशी वाचता वाचता गळा दाटून आला. पुढे वाचवेना. ऐकायला बसलेल्या मंडळींत एक वडीलधारे गृहस्थ होते. वाचन संपल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं आणि प्रेमानेच म्हणाले, "अहो, इतकी वर्षं पोथी वाचताय. गेलेल्या माणसाला असं धरून ठेवू नये. तुमच्या रडण्यानं तिची पुढची वाट अडते आणि तुमचीही. हा मोह आहे. सोडा आता."

त्यांचा हेतू चांगला होता. अशा वेळी आपण सगळेच एकमेकांना हेच सांगतो. मीही कितीजणांना सांगितलं असेल. पण स्वतःवर वेळ आली तेव्हा ते वाक्य घशाखाली उतरेना. वाटलं, जिने मला हाताला धरून शाळेत नेलं तिची आठवण काढणं हा मोह असेल, तर मग विसरणं ही भक्ती का? दत्त महाराजांना आपल्याकडून विसरणं अपेक्षित आहे काय? हा प्रश्न गेली काही वर्षं मनात घोळतो आहे. मी काही शास्त्री-पंडित नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर, आयुष्य बँकेच्या काउंटरमागे गेलं. तेव्हा जे जसं समजलं ते तसं दत्तभक्तांपुढे ठेवतो. चुकलं तर पदरात घ्यावं.

आधी अक्काबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

आमचे वडील सांगलीला हळदीच्या पेठेत एका अडत दुकानात दिवाणजी होते. कीर्द-खतावणी लिहायचे. घर बेताचं. १९६६ साली आईला क्षय झाला आणि तिला मिरजेजवळ वानलेसवाडीच्या रुग्णालयात ठेवावं लागलं. आठ महिने ती तिकडे होती. अक्का तेव्हा सोळा वर्षांची, अकरावीत. जुनी मॅट्रिक अकरावीची. चार महिन्यांवर परीक्षा होती. तिने शाळा सोडली. कुणी सोड म्हणून सांगितलं नाही आणि कुणी सोडू नको असंही म्हणालं नाही. एके दिवशी सकाळी ती दप्तराऐवजी चुलीपुढे बसलेली दिसली, एवढंच. मी सात वर्षांचा. माझी चड्डी धुणं, पाढे घेणं, डबा देणं, वडिलांना दुकानात जेवण पोचवणं आणि रविवारी दोन डबे घेऊन आईला भेटायला जाणं, हे सगळं तिच्याकडे आलं. आई बरी होऊन आली तरी तिला जड काम झेपायचं नाही. अक्काची शाळा सुटली ती सुटलीच. पुढे १९७४ साली कृष्णाकाठच्या एका गावातल्या प्राथमिक शिक्षकाशी तिचं लग्न झालं. मी मात्र बी. कॉम. झालो, बँकेत लागलो.

वडिलांचं गुरुचरित्राचं वाचन कडक असे. सोवळ्यात, ठरल्या वेळी, ठरल्या अध्यायापर्यंत. बायकांनी पोथी वाचू नये असा आमच्या घरी दंडक होता. त्या दंडकाचं बरंवाईट इथे मांडत नाही, तो वेगळा विषय आहे. सांगायचं ते इतकंच, की अक्काने पोथीला कधी हात लावला नाही, पण स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून, तांदूळ निवडत, दरवर्षी ऐकली. ऐकून ऐकून तिला इतकी पाठ झाली, की वडिलांची नजर घसरून एखादी ओवी राहिली तर आतून आवाज यायचा, "बाबा, एक ओवी सुटली." वडील न रागावता मागे जात, सुटलेली ओवी वाचत आणि पुढे चालत. संध्याकाळी दिवा लावताना टेंबेस्वामींची करुणात्रिपदी म्हणायची ती तिने सासरीही कधी चुकवली नाही.

तर प्रश्न असा, की अशा बहिणीची आठवण म्हणजे मोह का?

उत्तर शोधायला मी आपल्या घरच्याच ग्रंथाकडे गेलो. श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले आहेत. या अवधूताला आपण दत्तभक्त दत्तात्रेयच मानतो. नाथमहाराजांनी याच स्कंधावर एकनाथी भागवत लिहिलं. ते १५७३ साली काशीत पूर्ण झालं. नाथांचे गुरू जनार्दनस्वामी हे देवगिरीचे, थोर दत्तोपासक. म्हणजे हा सगळा आपल्याच घराण्यातला ठेवा आहे.

त्या चोवीस गुरूंत एक कपोत आहे, म्हणजे कबुतर. रानात झाडावर घरटं बांधून कबुतराचं जोडपं सुखात राहत होतं. पिल्लं झाली. एके दिवशी दोघं चारा आणायला गेली असताना पारध्याने जाळं लावलं आणि पिल्लं सापडली. मादी आली, तिने पिल्लांचा आकांत ऐकला आणि आपणहून जाळ्यात शिरली. नर आला. त्याने शोक केला, आता माझं कोण उरलं, घर रिकामं झालं, जगून काय करू, आणि तोही समोर जाळं दिसत असताना त्यातच पडला. पारध्याचं काम न धावता झालं. अवधूत म्हणतो, अतिस्नेह कसा बुडवतो हे मी कबुतराकडून शिकलो.

मला बाजूला घेऊन समजावणारे गृहस्थ बरोबर होते, असं हे वाचून वाटलं. बहीण गेल्यावर मीही तो नर कबुतरच झालो होतो. पण ही कथा पुन्हा वाचली तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. कबुतराच्या विलापात पिल्लांबद्दल फारच थोडं आहे. माझं घर, माझं सुख, माझं आता काय होणार, असा सगळा विलाप स्वतःभोवती फिरतो. मी माझं रडणं तपासलं. मलाही असंच वाटत होतं, की आता मला 'बाळू' म्हणणारं कुणी उरलं नाही, भाऊबीजेला मी कुठे जायचं, सणाला मला कोण विचारणार. साठी उलटलेला माणूस, पण सगळं मी, माझं, मला. यात अक्का कुठे होती? मोह म्हणतात तो हा असावा. आठवण गेलेल्या माणसाची काढायची आणि कुरवाळायचं स्वतःला.

इथपर्यंत येऊन थांबलो असतो तर विसरण्याचा सल्ला मान्य करून मोकळा झालो असतो. पण चोवीस गुरूंची यादी कपोतावर संपत नाही.

पुढे एक गुरू येते, ती एक कुमारी. घरात एकटी असताना तिला मागणी घालायला पाहुणे येतात. त्यांच्या जेवणासाठी घरात कांडलेले तांदूळ नाहीत. ती आत जाऊन साळी कांडायला बसते. हातातली कांकणं वाजू लागतात. मुलीला स्वतः साळी कांडाव्या लागतात हे पाहुण्यांना ऐकू गेलं तर घरचं दारिद्र्य उघडं पडेल. म्हणून ती एकेक कांकण उतरवते. दोन उरतात, तीही एकमेकांवर वाजतात. मग एकच ठेवते. आवाज थांबतो, कांडण पुरं होतं. अवधूत तिच्याकडून एकांत शिकला. पुष्कळ असले की कलह, दोघं असले की गप्पा, म्हणून योग्याने एकट्याने राहावं.

अवधूताने घेतलेला धडा अवधूताच्या योग्यतेचा. माझ्यासारख्या संसारी माणसाला त्या कथेत दुसरंच काही दिसलं. घराची लाज झाकण्यासाठी, पाहुण्यांना उपाशी पाठवायचं नाही म्हणून, स्वतःच्या हातातली कांकणं आवाज न करता काढून ठेवणारी मुलगी दिसली. आणि या ठिकाणी मला माझी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती सांगायची की नाही यावर फार दिवस गेले. पण दत्ताच्या अंकात लिहायचं आणि हात राखून लिहायचं, हे बरं नव्हे.

वडील १९८९ मध्ये गेले, आई १९९३ मध्ये. सांगलीचं घर वडिलांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेलं. मृत्युपत्र केलेलं नव्हतं. अशा घरात १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे मुलीचा हिस्सा मुलाइतकाच असतो. म्हणजे आईच्या पश्चात निम्मं घर अक्काचं होतं. बँकेत असल्यामुळे हे मला चांगलं ठाऊक होतं. १९९६ मध्ये मी घर पाडून नवं बांधायचं ठरवलं, त्यासाठी कर्ज घ्यायचं, तर कागद एकाच्या नावावर स्वच्छ हवा. मी हक्कसोडपत्र टाइप करून घेतलं आणि अक्काच्या गावी गेलो. तिला घेऊन दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात आलो. बाकावर बसून तिने कागद सावकाश वाचला. त्यात ठरलेलं वाक्य असतं, की हा हक्क मी राजीखुशीने, कुणाच्याही दडपणाशिवाय आणि मोबदला न घेता सोडत आहे. तिने ते मोठ्याने वाचलं, हसली आणि म्हणाली, "खुशीनंच की रे, बाळू. कुठं सही करू?" मी जागा दाखवली. तिने वळणदार अक्षरात सही केली, अंगठा उमटवला. नंतर आम्ही चहा प्यायलो. मी तिला एसटीत बसवून दिलं. संध्याकाळी घरी येऊन हिला म्हणालो, "अक्काचं मन मोठं." झालं. वाक्य बोललो आणि विषय संपला.

त्याच वर्षी आमच्या दाजींना अर्धांगाचा झटका आला होता. ते मला माहीत होतं. दवाखान्यात जाऊन फळं देऊन आलो होतो. भाची त्या वर्षी डी. एड. ला होती, तेही माहीत होतं. पण पैशाची काय सोय आहे, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर मग कागद पुढे करायला जीभ रेटली नसती, हे आज कळतं.

अक्काच्या वर्षश्राद्धाला भाचीकडे गेलो होतो. बोलता बोलता ती सहज म्हणाली, "मामा, माझ्या डी. एड. च्या फीसाठी आईनं पाटल्या गहाण टाकल्या होत्या. सुटल्याच नाहीत. तेव्हापासून ती काचेच्या बांगड्याच घालायची." मी महिना विचारला. तिने आठवून सांगितला. हक्कसोडपत्राच्या आधीचा महिना होता.

म्हणजे त्या दिवशी माझ्याशेजारी बाकावर बसून अक्काने सही केली तेव्हा तिच्या हातात पाटल्या नव्हत्या. आणि मी शाखेत सोनेतारणाचं रजिस्टर लिहीत होतो! रोज बायका हातातलं काढून काउंटरवर ठेवायच्या, सराफ वजन करायचा, मी वजन आणि रक्कम लिहायचो. परक्या बायकांचे रिकामे मनगट मला दिसत होते. जिने मला न्हाऊ-माखू घातलं तिच्या हाताकडे माझं लक्ष गेलं नाही. तिनेही कांकण वाजू दिलं नाही. भावाला अडचण नको, भावाचा कागद अडायला नको.

त्या रात्री मला झोप लागली नाही. आठ दिवसांनी मी धनादेश लिहिला. घराच्या आजच्या किमतीच्या निम्म्याइतका नव्हता, तेवढी ऐपत नाही, पण पेन्शनरला जेवढा झेपेल तेवढा. तो घेऊन भाचीकडे गेलो. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, सरळ बोलते. तिने धनादेश वाचला, घडी केली आणि माझ्या खिशात घातला. म्हणाली, "मामा, आईनं दिलेलं मी परत घेतलं तर तिची सही खोटी पडेल. आणि रागावू नका, पण तुम्ही हे मला देत नाही आहात. तुम्हाला मोकळं व्हायचंय."

मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. एसटीत बसल्यावर तो उतरला. पोरगी खरं बोलली होती. मला खातं बंद करायचं होतं. शिल्लक शून्य करायची, सही-शिक्का मारायचा आणि निवांत व्हायचं. म्हणजे आधीचं रडणं जसं कबुतराचं होतं तसाच हा पश्चात्तापही कबुतराचाच निघाला. यातही मीच मध्यभागी.

मग करायचं काय? रडावं तर मोह, पैसे द्यावेत तर कुणी घेत नाही, विसरावं तर कृतघ्नपणा.

इथे मला गुरुचरित्रानेच वाट दाखवली. ज्या जागी माझा गळा दाटून आला होता तो अध्याय एकविसावा. आमच्या घरच्या क्रमात दुसऱ्या दिवसाचं वाचन तिथे संपतं. विसावा आणि एकविसावा मिळून शिरोळच्या त्या बाईची कथा आहे. तिची मुलं जगत नाहीत. कारण असं सांगितलं आहे, की पूर्वजन्मी तिने एका ब्राह्मणाचे शंभर बुडवले, तो त्यापायी मेला आणि समंध होऊन तिच्या मुलांना मारतो आहे. तिला औदुंबरी सेवा करायला सांगतात. ती करते, पीडा टळते, मुलं होतात. आणि मग त्यातलाच एक मुलगा आजारी पडून मरतो. ती आई प्रेत सोडायला तयार नाही. तिथे एक ब्रह्मचारी येऊन तिला ज्ञान सांगतो, देह नाशिवंत, कोण कुणाचा, शोक व्यर्थ. श्रीगुरूच त्या रूपाने आलेले असतात.

ती बाई ते ज्ञान ऐकून गप्प बसत नाही. ती म्हणते, मी गुरूंच्या शब्दावर विश्वास ठेवला होता, आता माझा जीवही त्यांच्या पायाशीच जाऊ दे. ती प्रेत घेऊन औदुंबराला येते आणि पादुकांवर डोकं आपटते. आणि श्रीगुरू तिच्यावर रागावत नाहीत. 'एवढं सांगूनही रडतेस?' असं म्हणत नाहीत. तिची हाक ऐकतात.

पुढचा चमत्कार सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या घरी कुणी उठून बसलं नाही, बहुतेकांच्या घरी बसत नाही. म्हणून मी त्या कथेच्या शेवटापेक्षा मधल्या भागाकडे पाहतो. दोन गोष्टी दिसतात. एक, ज्ञान सांगणारे आणि अश्रू स्वीकारणारे गुरू एकच आहेत. रडण्याने दत्त दुरावत नाही. दुसरी, गेलेल्या माणसाचं देणं राहिलं तर ते असतं. काळ गेला, जन्म बदलला, तरी ते आपोआप माफ होत नाही. मात्र ते फेडण्याचा जो मार्ग पोथीने सांगितला, त्याचा गाभा सेवा आहे. रक्कम मोजून टाकली आणि हात झटकले, असा तो मार्ग नाही.

बँकेतल्या माणसाला हे बँकेच्या भाषेत लवकर समजतं. बचत खात्यावर दोन वर्षांहून जास्त काळ खातेदाराने स्वतः व्यवहार केला नाही तर खातं निष्क्रिय ठरतं. बँक त्यात व्याज जमा करते, पण त्या व्याजाच्या नोंदीने खातं चालू धरत नाहीत. व्यवहार खातेदाराचा हवा. दहा वर्षं तसंच पडलं तर ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या एका निधीकडे वर्ग होते. २०१४ पासून ही पद्धत आहे. पण गंमत म्हणजे तेव्हाही मालकी बुडत नाही, हक्कदार आला तर बँकेला पैसे द्यावे लागतात. आठवणीचंही असंच आहे असं मला वाटतं. तसबिरीला हार, तिथीला पान, महालयात भगिनीच्या नावाने तिलोदक, हे सगळं करावंच. आपल्या शास्त्राने तर्पणात बहिणीची जागा राखून ठेवली आहे, हे केवढं मोठं आहे. तिचं सुतक मला दहा दिवसांचं नव्हतं, पण तर्पण आयुष्यभराचं आहे. तरीही ते व्याजासारखं आहे. नेमाने येतं, जमा होतं. त्या खात्यावर माझा स्वतःचा व्यवहार कोणता?

त्याचं उत्तर चोवीस गुरूंतल्या शेवटच्या शेवटच्या गुरूजवळ मिळालं. ती म्हणजे कुंभारीण माशी. ती अळीला मातीच्या घरात कोंडते आणि अळी तिचंच चिंतन करता करता तिचंच रूप होते. शास्त्रज्ञ सांगतात, की ती माशी अळी आपल्या पिल्लांना खाद्य म्हणून कोंडते. ते खरंच आहे आणि दृष्टांताला त्याने बाध येत नाही. सांगायचा अर्थ असा, की मन ज्याला एकसारखं धरून राहतं त्याच्यासारखं ते होतं.

एकाच अवधूताने दोन्ही गुरू केले, कपोत आणि कुंभारीण. दोघांतही धरून राहणंच आहे. कबुतराने धरून ठेवलं ते 'माझं' म्हणून, त्यात ते बुडालं. अळीने धरून ठेवलं ते 'त्याचं', आणि तिचं रूप पालटलं. म्हणून आठवण हा मोह की उपासना, याचं उत्तर आठवणीत नाहीच. आठवण काढून माणूस उठतो कसा, यात आहे. आठवणीने मी तिथेच बसून राहिलो तर मोह. आठवणीने माझ्यात अक्काचा एखादा गुण कणभर उतरला तर उपासना. गुरुस्मरण तरी आपण दुसऱ्या कशासाठी करतो?

आता यावर कुणी म्हणेल, हे स्वतःच्या मनाची समजूत घालणं झालं. म्हणेल तर त्याचंही बरोबर असू शकेल. म्हणून मी माझ्यापुरती कसोटी ठरवली, की जे करीन ते अक्काच्या बाबतीत जिथे चुकलो नेमक्या त्याच जागी करायचं. सोयीच्या जागी करायचं नाही. देवळाला पंखा दिला असता तर तो सोयीचा झाला असता.

पहिलं म्हणजे मी मृत्युपत्र केलं. दोन साक्षीदारांपुढे. घर मुलगा आणि मुलगी यांना सारखं. दोघांना समोर बसवून वाचून दाखवलं. मुलीला सांगितलं, "उद्या कुणी कागद पुढे केला तरी सही करायची नाही. मी सांगितलंय म्हणून सांग." मुलगा जरा दुखावला. म्हणाला, "बाबा, मी मागितलंच नसतं." मी त्याला म्हणालो, "अरे, अक्काकडे मीही मागितलं नव्हतं. फक्त कागद पुढे केला होता." तो गप्प बसला. मग त्याने स्वतःच बहिणीला चहा ओतून दिला. एवढं पुरेसं होतं.

दुसरं, आमच्या भागातल्या दत्तमंदिराच्या ओवरीत गुरुवारी सकाळी दोन तास बसतो. बायका येतात. कुणाचं वारस नोंदवायचं राहिलेलं असतं, कुणाच्या नवऱ्याच्या पश्चात खात्याचा दावा भरायचा असतो, कुणाच्या हातात भावाने दिलेला कागद असतो. मी कुणाला सही करा किंवा करू नका असं सांगत नाही. भावा-बहिणींत भांडण लावायला मी बसलेलो नाही. मी कागद मोठ्याने, सावकाश वाचून दाखवतो आणि त्याचा अर्थ सांगतो. मग विचारतो, "ताई, घरी सगळं ठीक आहे ना?" हा प्रश्न मी १९९६ मध्ये विचारायला हवा होता. धुणं-भांडी करणाऱ्या एका बाईंना असं हक्कसोडपत्र वाचून दाखवलं होतं. त्यांनी चार दिवस विचार केला आणि तरीही सही केली. म्हणाल्या, भावाची परिस्थिती माझ्याहून वाईट आहे. त्यांच्या पुढे मी मनातल्या मनात हात जोडले. पण त्यांनी कळून दिलं आणि देताना त्यांना कुणीतरी विचारलं होतं. देणारीचं मोठेपण त्याने कमी होत नाही. घेणाऱ्याचं पाप मात्र थोडं कमी होतं.

याने माझं देणं फिटलं का? नाही. ते फिटायचं नाही आणि आता फिटावं असंही वाटत नाही. भाचीने धनादेश परत केला ते बरंच झालं. खातं उघडं राहिलं म्हणून तर दर गुरुवारी व्यवहार होतो. गेलेल्या माणसाचं ऋण हे बहुधा आपल्याला चालतं ठेवण्यासाठीच असतं. आणि अक्काची वाट माझ्या रडण्याने अडेल असंही मला वाटत नाही. सोळाव्या वर्षी शाळेची वाट सोडून चुलीपुढे बसली तरी जिची वाट अडली नाही, ती माझ्या दोन अश्रूंनी काय अडणार?

ज्यांच्या घरातलं कुणी गेलं आहे आणि दत्तजयंतीला ज्यांना चुकल्यासारखं वाटतं, त्यांना एवढंच सांगावंसं वाटतं. विसरू नका. रडू आलं तर रडा, औदुंबराच्या पादुकांनी याहून मोठे आकांत ऐकले आहेत. फक्त रडून झाल्यावर त्या माणसाच्या हाताकडे एकदा पाहा. त्या हातांनी काय काय केलं, कुठलं कांकण केव्हा उतरवलं. आणि ज्यांचे हात अजून आपल्याजवळ आहेत त्यांच्याकडे आजच पाहा.

गेल्या सप्ताहातही दुसऱ्या दिवशी एकविसावा अध्याय आला. डोळे भरून आले, अक्षरं पुसट झाली, आणि माझ्या लक्षात आलं की एक ओवी सुटली. मी थांबलो. सवयीने आतल्या आवाजाची वाट पाहिली. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी कुणी नव्हतं. मग मीच मागे गेलो, सुटलेली ओवी वाचली आणि पुढे चालू लागलो.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥